मुंगीबाईची पठारावरची रात्र

या, जवळ सरका. दार लोटून घ्या, पाय पोटाशी घ्या, आणि ज्याच्याकडे शाल असेल त्याने शेजारच्याला अर्धी द्या. गोष्ट थंडीची आहे, नुसती ऐकूनही दात वाजतील. पण माझा शब्द आहे, संपेपर्यंत तुम्हीच शाल बाजूला टाकाल. हसू आलं तर दाबू नका. देवाच्या दारात हसणाऱ्याला बाहेर काढत नाहीत.

तर एक रजया शिवणारं घर होतं. वर राहतं घर, खाली शिवणघर. शिवणघरात दहा हात लांब टेबल, त्याभोवती सहा बायका, प्रत्येकीच्या बोटात सुई टोचू नये म्हणून अंगुस्तान, आणि हवेत इतका कापूस की बोलायला तोंड उघडलं तर दोन तंतू आत जायचे. तरी बोलायचं कुणी थांबत नसे. टेबलाच्या टोकाला खिडकीपाशी एक खुर्ची, आणि त्या खुर्चीत घरातली सासू. तिच्या हातात निळा खडू. ताणलेल्या कापडावर ती खडूने रेघ मारायची आणि सहाजणी त्या रेघेवरून टाके घालायच्या. खडू जिच्या हातात, तिच्या शब्दावर सगळं घर चालायचं.

सासूचे स्वतःचे टाके बघण्यासारखे. इतके बारीक, इतके जवळजवळ, की वाटावं साखरेच्या वासाने मुंग्यांची रांग निघाली आहे. म्हणून तिच्या पाठीमागे सगळ्या तिला मुंगीबाई म्हणायच्या. तिला ते ठाऊक होतं. वरवर रागवायची आणि आतून फुलायची. चाळीस वर्षं तिने तसंच शिवलं, आणि एवढे टाके म्हणजे एवढी ऊब, हे तिच्या लेखी देवाच्या नावाइतकं पक्कं होतं.

तीन वर्षांपूर्वी घरात सून आली. ती आधी पडद्यांच्या दुकानात शिवायची. तिचा टाका म्हणजे एक इथे, दुसरा पलीकडच्या गल्लीत. बायकांनी आठवडाभरात तिचं बारसं केलं, ढांगबाई. कामाला चपळ, तोंडाला त्याहून चपळ. एके दिवशी सासूची रजई हातात तोलून म्हणाली,

"आई, राग मानू नका. पण कापसाला जरा श्वास घ्यायला जागा ठेवा की. इतकं आवळलं तर ती रजई राहत नाही, पुठ्ठा होतो."

सहा सुया जागच्या जागी थांबल्या.

"पुठ्ठा," सासू म्हणाली.

"म्हणजे चांगला पुठ्ठा," सून घाईने म्हणाली.

"आणि तुझ्या रजईत कापूस राहत नाही बरं का, पाहुणा राहतो. आज इथे, उद्या तिथे, परवा पायाशी जाऊन बसलेला."

दोघींचंही बोलणं खरं होतं हो, हीच तर गंमत. पण खरं बोलणाऱ्या दोन बायका एका टेबलाशी बसल्या की तिसऱ्याने डोकं खाली घालून शिवत राहावं, एवढंच त्याच्या हातात असतं. सुनेचा नवरा, म्हणजे सासूचा लेक, त्याने तेच केलं.

अशात एक दिवस शिवणघरात एक उंच बाई आली. गळ्यात शिट्टी, पायात जाड बूट, गाल उन्हावाऱ्याने रापलेले. डोंगरावरच्या पठारावर ती शाळेच्या मुलांची शिबिरं घ्यायची. शेवटच्या रात्री मुलं उघड्यावर झोपतात, म्हणाली, नुसत्या ताडपत्रीखाली. त्यासाठी साठ रजया हव्यात, आणि सगळ्या एका तऱ्हेच्या.

सासूने आपली रजई पुढे केली. सुनेने आपली. बाईने दोन्ही चाचपल्या आणि खांदे उडवले.

"मला कापसातलं काही कळत नाही. मला थंडी कळते. तुम्ही दोघी या ना वर. एक रात्र झोपा, जिची तिची रजई घेऊन. वर ताडपत्री, खाली ताडपत्री. तंबू नाही. शेकोटीही नाही, गवत वाळलंय, पेट घेईल. मुलं झोपतात तसंच. सकाळी ठरवू."

सून म्हणाली, "मी तयार आहे."

आता सासूने नुसतं "मीही" म्हणायचं होतं. पण सहाजणी बघत होत्या, पुठ्ठा हा शब्द अजून घशात अडकला होता, आणि माणसाच्या जिभेवर देवाने हाड ठेवलेलं नाही. ती म्हणाली, "जिची रजई उबेला कमी पडेल, तिने खडूवरचा हक्क सोडायचा. कायमचा!"

म्हणून बसली. लेकाने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

त्या रात्री सासूला झोप आली नाही. मागच्या बाजूला एक छोटी खोली होती, तिथे बसून कापसातला कचरा निवडायचं काम असे. पूर्वी कधीतरी चुलतसासूकडचा खडू हातात आल्यावर तिनेच त्या चुलतसासूला त्या खोलीत बसवलं होतं. "तिकडे ऊन छान येतं हो," असं सांगून. तिकडे ऊन अजिबात येत नसे.

दोघी पठारावर पोचल्या तेव्हा सूर्य टेकला होता. वारा असा, की पदर एका दिशेला आणि बाई दुसऱ्या दिशेला. शिट्टीवालीने दोन झुडपांमध्ये दोरी बांधून त्यावर ताडपत्री टाकली, खाली एक अंथरली, हातात साखर घातलेल्या गरम दुधाचा थर्मास आणि उकडलेली अंडी दिली आणि मुलांना सांगावं तसं सांगितलं.

"पोटभर खा, रिकामं पोट तापत नाही. झोपण्याआधी झुडपामागे जाऊन या, आळस करू नका. मोजे कोरडे घाला. तोंड रजईत घालू नका, श्वासाने आतून ओल येते. माझी खोली त्या खडकामागे आहे. ही शिट्टी. वाजवली की मी धावत येते. पण वाजली की परीक्षा संपली, हं."

"म्हणजे जी वाजवेल ती हरली?" सुनेने विचारलं.

"ते तुमचं तुम्ही बघा," म्हणून ती गेली. शिट्टी दोघींच्या मधोमध ठेवलेली, विंचू बसावा तशी.

दूध प्यायल्या. अंडी खाल्ली. झुडपामागे जाऊन आल्या. एकीने दुसरीसाठी विजेरी धरली आणि दोघींनी दोन दिशांना बघितलं. मग जिची तिची रजई घेऊन ताडपत्रीच्या दोन टोकांना आडव्या झाल्या.

"कशी आहे ऊब, आई?"

"घाम आलाय मला. तुझी?"

"मी तर पाय बाहेर काढलेत."

थोड्या वेळाने सून घोरायला लागली. संथ, समाधानी घोरणं. सासूला ते ऐकून अशी चीड आली की तीही घोरायला लागली, दुप्पट आवाजात.

आता खरं काय चाललं होतं ते ऐका. मुंगीबाईची पाठ बर्फाच्या लादीवर ठेवल्यासारखी झाली होती. कुशीवर वळली तर खांदा गोठला. उताणी झाली तर माकडहाड. थंडी आकाशातून खाली येते असंच तिने जन्मभर धरलेलं. आणि ही मेली जमिनीतून वर येत होती! चाळीस वर्षांत हजारो रजया शिवल्या, पण त्यातली एकही तिने गादीशिवाय, खाटेशिवाय पांघरून पाहिली नव्हती. आणि बरोबर खाली घालायला म्हणून दोघींनीही काही आणलं नव्हतं. रजईवाल्यांच्या घरातल्या ना त्या. त्यांचं सगळं लक्ष वर काय घ्यायचं यावर.

ती आपले टाके बोटांनी चाचपू लागली. एक रांग, दुसरी रांग. सगळे जागच्या जागी, एकही सैल नाही. आणि तरीही वरूनसुद्धा गारठा आत येतोय. पुठ्ठा. खरंच गं बाई, पुठ्ठा.

मग तिने हात जोडले. ती भाविक बाई होती, रोज दिवा लावल्याशिवाय पाणी घेत नसे. पण त्या थंडीत तिच्या तोंडून जी प्रार्थना निघाली ती कुठल्याही पोथीत नाही. ती म्हणाली, "देवा, मला थंडी वाजतेय, वाजू दे. तक्रार नाही. पण हिला माझ्याहून जास्त वाजू दे. थोडीशीच. शिट्टी वाजवण्यापुरती."

देव वर बसून हसला असेल. कारण पलीकडच्या टोकाकडून त्याच क्षणी त्याला तीच अर्जी आली होती.

सुनेचं घोरणं अडखळलं. खर्र... टक टक टक... खर्र.

"अगं," सासू अंधारात म्हणाली, "घोरताना कुणाचे दात वाजतात का?"

खर्र बंद.

"माझे नाहीत, आई. तुमचेच वाजतायत."

"माझे कसे वाजतील? माझे मी काढून डबीत ठेवलेत!"

आणि मग सून जी फुटली! आधी नाकातून, मग पोटातून, मग रजईसकट लोळायला लागली. सासूने फार वेळ धरून ठेवलं, म्हणजे तीन श्वास. मग तिच्या बोळक्या तोंडातून असा काही आवाज निघाला की झुडपातला एक पक्षी घाबरून उडाला. त्याला बघून दोघी पुन्हा हसल्या.

"थंडी वाजतेय का गं खरं सांग."

"मरतेय हो आई मी! सगळा कापूस पायाशी गेलाय. पाय राजवाड्यात आणि पोट रस्त्यावर! तुम्हाला?"

"माझ्या पाठीला विचारू नकोस. पाठ आहे का नाही तेच कळत नाहीये."

दोघींचे हात एकदमच शिट्टीकडे गेले आणि एकदमच मागे आले.

"तुम्ही वाजवा, तुम्ही मोठ्या."

"तू वाजव, तुझी फुप्फुसं तरुण."

कुणी वाजवली नाही. त्याऐवजी सून उठली आणि उड्या मारायला लागली. "उठा आई! रक्त हलवा!" सासू म्हणाली, माझे गुडघे म्हणजे जुन्या दाराच्या बिजागऱ्या; पण उठली. मग त्या पठारावर, चांदण्यांच्या खाली, एक साठीची आणि एक तिशीची, अंगावर रजया गुंडाळून, दोन गाठोडी नाचावीत तशा नाचल्या. सासूने टाळ्यांवर देवाचं नाव धरलं. सून मागून म्हणू लागली, चुकीच्या सुरात, पण जोरात. मग सासूने ते नाव सोडून लेकाच्या लहानपणीचं झोपेचं गाणं धरलं.

"हे मला माहिती आहे!" सून धापा टाकत म्हणाली. "तुमचा मुलगा अजून म्हणतो हे. झोपेत! आणि मध्येच म्हणतो, आई, टाके मोजून झाले."

"मोजायला लावायचे मी त्याला. झोपच यायची नाही मेल्याला."

"अजून मोजतो बिचारा. दोनशेपर्यंत जातो, मग कूस बदलतो."

दम लागला तशी सासू बसली. ताडपत्री गार म्हणून आपली रजई घडी करून तिच्यावर बसली. दोन क्षण गेले. तिच्या चेहऱ्यावर असा उजेड आला, जसा समईत वात पेटल्यावर भिंतीवर येतो.

"अगं ए."

"काय?"

"बूड गरम झालं."

"काय झालं?"

"बूड! बूड गरम झालं माझं!"

सून गुडघ्यांवर रांगत आली, सासूच्या खाली हात घालून चाचपलं आणि पुन्हा हसत कोसळली. "आई, मग आपण रात्रभर डोक्याने विचार का करतोय? यालाच विचारायचं होतं ना!"

पण हसता हसता दोघींनाही एकदमच कळलं, की एक रजई खाली गेली पाहिजे. आणि कोणती, तेही कळलं. सुनेची फुगीर, तिच्यावर निजलं तर ती चेपून कागद होणार. सासूची आधीच घट्ट. तिला आणखी चेपायला जागाच नाही. खाली तीच टिकणार.

सून सासूकडे बघू लागली. बोलायची तिची हिंमत नव्हती. सासूने रजई छातीशी धरली. हा एवढा बारीक टाका, लोक ज्याच्यासाठी खिडकीशी थांबून बघतात, तो पाठीखाली? पायाखाली? आणि खाली घातली म्हणजे सकाळी काय सांगायचं, पांघरायची रजई कुणाची होती? खडू गेला. खिडकी गेली. मागची खोली, आणि तिकडे ऊन येत नाही.

तेवढ्यात सुनेने दोन बोटं ओठांशी नेली आणि त्यांच्यावर फुंकर घातली. विजेरीच्या उजेडात ती बोटं जांभळी दिसत होती. शिवणारीची बोटं ती. सासूला दुसरं काही दिसेना.

"सरक," ती म्हणाली. आणि स्वतःच्या हाताने आपली रजई ताडपत्रीवर अंथरली. कोपरे ओढून नीट केले, पाहुण्यांसाठी करावे तसे.

"आण आता ती तुझी धर्मशाळा. पाहुण्यांना जागेवर बसवू."

दोघींनी सुनेची रजई झटकली, कापूस पायाकडून वर आणला, थोपटून पसरला. सासूच्या ब्लाऊजला सुई-दोरा कायम टोचलेला असायचा. सुनेने विजेरी दातात धरली.

"वा," सासू म्हणाली, "तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं तोंड बंद बघतेय."

"ऊं ऊं ऊं!" सून म्हणाली.

सासूची बोटं बधिर. सुई धरली आहे का सुटली तेही कळेना. एक टाका घातला, दुसरा कुठेतरी वीतभर लांब पडला. तिसरा त्याहून लांब. अधूनमधून असे पंधरा-वीस टाके पडले, कापूस धरून ठेवण्यापुरते. वेडेवाकडे, लंगडे, ढांगाच ढांगा. तिने उजेडात बघितलं.

"अगं आई गं. हे मी घातले?"

सुनेने दातातली विजेरी काढली. "झाला आई तुमचा प्रवेश. या, आमच्यात या."

मग दोघी एकाच रजईत शिरल्या, पाठीला पाठ लावून. आधी चार पाय एकमेकींना बर्फासारखे लागले आणि दोन किंकाळ्या उठल्या. मग हळूहळू खालून थंडी येईनाशी झाली. वरचा कापूस फुगला. मधे दोन पाठी. सून म्हणाली, "आई, तुम्ही भट्टी आहात." सासूला उत्तर सुचलं होतं, फार झकास उत्तर, पण ते तोंडापर्यंत यायच्या आधीच ती झोपली.

शिट्टीवाली उजाडल्यावर आली तेव्हा ताडपत्रीवर पांढरं दव गोठलं होतं आणि आतून दोन घोरणी येत होती, अजिबात समाधानी नाहीत, साधी, बेसूर, खरी. तिने दोनदा हाक मारली. शेवटी जवळची शिट्टी उचलून तिनेच वाजवली. दोघी ताडकन उठून एका सुरात ओरडल्या, "मी नाही वाजवली!"

तिने रजईत हात घातला आणि काढलाच नाही. "ही तर चुलीसारखी आहे! कुणाची?"

"आईंची," सून म्हणाली. "टाके आईंचे आहेत, बघा."

"खोटं बोलतेय. कापड तिचं, कापूस तिचा."

"मग जिंकलं कोण?"

सून खाली बघू लागली. म्हणाली, "आई सांगतील ते."

सासूने आधी डबी शोधून दात बसवले. असलं बोलणं बोळक्या तोंडाने बोलायचं नसतं. मग म्हणाली, "बाई, हिची. माझी रजई उबेला कमी पडली. मुलांच्या अंगावर हिच्या तऱ्हेची घाला. आत कापूस धरायला अधूनमधून टाका हवा, तेवढं मी तिला दाखवेन. माझी रात्रभर खाली होती."

शिट्टीवालीने खालची रजई वर उचलली. ताडपत्रीवर ओल, रजईची वरची बाजू कोरडी ठणठणीत. तिने ती मुठीत दाबून पाहिली. "मला कुणीतरी खाली घालायला असं शिवून द्या, असं मी किती जणांना सांगितलं! साठ मुलांना मी एकदा पोत्यांत गवत भरून दिलं, तर अर्धी मुलं सकाळी शिंकत होती. अर्धी लांबी पुरे. खांद्यापासून मांडीपर्यंत. तिथेच थंडी चावते. अशाही साठ शिवून द्याल?"

"अर्ध्या?" सासू म्हणाली. चाळीस वर्षांत तिने कुणाला अर्धी रजई दिली नव्हती.

"अर्ध्या."

"आणि त्या खाली जाणार. कुणाला दिसणार नाहीत."

"दिसणार नाहीत. कळतील."

सासूने आकाशाकडे बघितलं. काल रात्री तिथे एक अर्ज गेला होता आणि तो साफ नामंजूर झाला होता. तिला त्याबद्दल इतकं हसू आलं की शिट्टीवालीला वाटलं, थंडी डोक्यात गेली. सुनेला कारण ठाऊक नव्हतं, तरी तीही हसली, आणि सबंध डोंगर उतरेपर्यंत दोघी थांबल्या नाहीत. बसमधल्या माणसांनी जागा बदलल्या.

शिवणघरात सहाजणी दाराशीच उभ्या होत्या. लेक जिन्यावर. सासू सरळ खिडकीपाशी गेली, निळा खडू उचलला आणि सुनेच्या तळहातावर ठेवला. सून "नको, नको, तुम्हीच ठेवा" असं काही म्हणाली नाही. तिने मूठ मिटली आणि वाकून नमस्कार केला. आणि सासूला तेच सगळ्यात आवडलं. नको-नको म्हणाली असती तर दोन रट्टे खाल्ले असते तिने.

मग सासूने आपली सुई उचलली आणि मागच्या खोलीत गेली. कुणी पाठवली नाही, स्वतः गेली. तिथे ऊन खरंच येत नव्हतं. तिने लेकाला हाक मारली, भिंतीत खिडकी पाडून घेतली, मधलं दार काढून टाकायला लावलं, आणि पुढच्या गप्पा ऐकू येतील अशी बैठक मांडून अर्ध्या रजया शिवायला बसली. मुंग्यांच्या रांगा, अगदी पहिल्यासारख्या. खिडकीतून पहिल्यांदा ऊन आलं तेव्हा मात्र तिचा हात थोडा वेळ थांबला. ती चुलतसासू जाऊन बरीच वर्षं झाली होती.

म्हणून माझं तुमच्याजवळ एवढंच मागणं आहे. आज रात्री पांघरूण गळ्यापर्यंत ओढाल, देवाचं नाव घ्याल, तेव्हा एक क्षण त्या चुलतसासूची आठवण काढा. उन्हाचं खोटं आश्वासन ऐकून ती त्या खोलीत मुकाट्याने जाऊन बसली, आणि कापसातला कचरा निवडत राहिली. तिची आठवण काढणारं आता दुसरं कुणी नाही.